टाकीतलं आरमार

रविवारी सकाळी साडेसात वाजता मुलुंड पूर्वेच्या 'सागरदर्शन' सोसायटीतल्या सोळाच्या सोळा बिऱ्हाडांचे नळ एकदम कोरडे पडले, तेव्हा त्याचं कारण साऱ्या इमारतीत फक्त दोघांना ठाऊक होतं. आणि ते दोघेही गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर पालथे पडून, झाकण बाजूला सारून, आत बॅटरीचा झोत मारत होते.

"दिसतेय?" नंदकिशोरनं विचारलं.

"दिसतेय. शेपूट पाइपात गेलंय," सहदेव म्हणाला.

"कुठल्या पाइपात?"

"खाली जाणाऱ्या."

"म्हणजे सगळ्यांच्या घरी जातो त्या?"

"खाली जाणारा एकच आहे रे!"

नंदकिशोरनं बॅटरी विझवली. मग म्हणाला, "वाट लागली."

सहदेव घाडीगावकर विक्रोळीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होता. त्याच्या हाताला केसाच्या जाडीचा फरक कळायचा, पण जगाला ते सांगायची सोय नव्हती, कारण त्यानं घासलेले भाग कुठल्या तरी मशिनच्या पोटात जाऊन कायमचे दिसेनासे होत. सोळा वर्षं असं अदृश्य काम केल्यावर त्याला असं काहीतरी करावंसं वाटू लागलं, जे लोकांना दिसेल. त्यानं पाणबुडी केली. पाण्यात बुडून दिसेनाशी होणारीच वस्तू आपण का निवडली, हा प्रश्न त्याला पडला नाही. तो विचारणारंही कुणी नव्हतं.

दुसऱ्या मजल्यावरचा नंदकिशोर टिपणीस टेलिफोन खात्यात होता. त्याचा मेव्हणा मस्कतला. मेव्हण्यानं आणलेली रेडिओवर चालणारी खेळण्यातली मोटार पहिल्याच आठवड्यात जिन्यावरून पडली आणि नुसता रिमोट उरला. त्या रिमोटभोवती सहदेवनं पाणबुडी बांधली. सांडपाण्याच्या चार इंची पाइपाचं अडीच फुटांचं धूड, नाकाला स्टीलची वाटी, वरच्या बुरुजाला पावडरचा डबा, आणि पोटात घोड्याला टोचायची भली मोठी सिरिंज. ती पाणी आत ओढायची की बोट बुडे, बाहेर ढकलायची की वर येई.

पण खरी गंमत होती ती क्षेपणास्त्रांची. पाठीवर तीन उभ्या नळ्या, आणि प्रत्येकीत वीतभर लांबीचं ॲल्युमिनियमचं एकेक अस्त्र. बुडाला सलाइनच्या बाटलीचं रबरी बूच, पोटात निम्मं पाणी, आणि उरलेल्या जागेत सायकलच्या पंपानं ठासून भरलेली हवा. रिमोटची उजवी दांडी ओढली की पितळी आकडा सुटे, आणि अस्त्र पाणी फाडून चार मजले उंच जाई. निदान जायला हवं होतं.

कारण त्याच दिवशी दुपारी चार वाजता विलेपार्ल्याला हौशी मॉडेलवाल्यांच्या क्लबाची स्पर्धा होती. पोहण्याच्या तलावात, पाण्याखालून सुटून पाण्याबाहेर येणारं अस्त्र, अशी अट होती. गेल्या वर्षी सहदेव तिथं साधी बोट घेऊन गेला होता. बाकीचे स्पर्धक बहुतेक इंजिनियर. कुणाचा भाऊ जर्मनीत, कुणाचा मामा अमेरिकेत. त्यांनी परदेशी खोके उघडून आतले तुकडे जोडले होते. क्लबाच्या सेक्रेटरी पद्मजा देवधर यांनी सहदेवची बोट कौतुकानं हातात घेतली आणि म्हणाल्या होत्या, "घरी केलीत? किती गोड! आपण ही बालविभागात ठेवूया का?"

त्या 'गोड'नं सहदेवची वर्षभर झोप उडवली होती. आणि आता स्पर्धेला साडेआठ तास उरले असताना पाणबुडी सहा फूट पाण्याखाली पाइपाच्या तोंडात बूच बसावं तशी बसली होती. खाली लोक आंघोळीला निघाले होते आणि एकेक नळ उघडत होते. जितके नळ उघडत, तितकी ती आणखी घट्ट बसत होती.

"टाकी रिकामी करूया," नंदकिशोर म्हणाला.

"कशी?"

"खालचा नळ उघडून... अं. हां."

जी वस्तू काढायला टाकी रिकामी करायची, तीच टाकी रिकामी होऊ देत नव्हती. त्यांनी कपडे वाळत घालायच्या काठीला आकडा बांधून पाहिला. आकडा पावडरच्या डब्याला लागला आणि डबा तेवढा वर आला. नंदकिशोरनं रिमोट घेतला आणि डावी दांडी पुढंमागं करत, खात्याच्या सवयीनं, "हॅलो... हॅलो..." सुरू केलं.

"ती टेलिफोन आहे काय?"

"सवय रे. पण काँक्रीटमुळे सिग्नल पोचत नाहीये."

"डावी फिरव. उजवीला हात लावू नकोस, दोन अस्त्रं अजून भरलेली आहेत." तिसरं पहाटेच्या चाचणीत टाकीच्या छताला आपटून केळ्यासारखं वाकलं होतं.

तेवढ्यात जिन्यातून खाकरण्याचा आवाज आला. तसं खाकरणारा माणूस इमारतीत एकच होता. सहदेवनं झाकण सरकवलं आणि त्यावर मांडी घालून बसला. नंदकिशोरनं रिमोट लुंगीत लपवला. त्याची एरियल मात्र बाहेर राहिली.

भाऊ कोरगावकर सोसायटीचे चेअरमन होते. नौदलाच्या भांडारात तीस वर्षं कारकुनी करून ते निवृत्त झाले होते. त्या तीस वर्षांत ते एकदाही बोटीत चढले नव्हते, पण इमारतीत पाण्याशी संबंध असलेल्या प्रत्येक बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई, मग तो विषय गटाराचा का असेना.

"तुम्ही इथं काय करताय?" भाऊंनी विचारलं.

"पाणी का येत नाही ते बघायला आलो," सहदेव म्हणाला. ते अगदी खरं होतं.

"टाकीत पाणी आहे?"

"भरलीय काठोकाठ."

"मग एअरलॉक!" भाऊंनी निदान केलं. "पाइपात हवा अडकली. बोटींवर हे नेहमीचं. मी प्लंबरला निरोप धाडलाय. साडेनऊच्या आत पाणी आलं पाहिजे, नाहीतर मालिका सुरू झाल्यावर कोण बादल्या भरणार?" मग त्यांची नजर नंदकिशोरच्या लुंगीकडे गेली. "हे काय आहे?"

"ट्रान्झिस्टर," नंदकिशोर म्हणाला.

"मग बातम्या लाव."

"सेल संपलेत, भाऊ."

भाऊ मान हलवत खाली गेले.

प्लंबर लवू मेस्त्री नऊला उगवला. तो कणकवलीकडचा, सहदेवही तिकडचाच. त्यामुळे सहदेवनं त्याला टाकीआड ओढलं आणि थेट गावच्या भाषेत शिरला.

"लवू, ह्यो एअरलॉक न्हय. टाकयेत एक वस्तू अडाकली हा."

"काय पडला? मांजर?"

"पाणबुडी."

"कसली बुडी?"

"बोट रे. पाण्याखालसून जाता ती."

लवूनं टाकीकडे पाहिलं. मग सहदेवकडे पाहिलं. मग पूर्वेकडे पाहिलं, जिथं मिठागरांच्या पलीकडे कुठं तरी खाडी होती. "बोट खाडयेतसून हय इली कशी?"

"इली नाय. मी टाकलंय."

"कित्याक?"

'कशाला' या एवढ्या साध्या प्रश्नाला सहदेवनं लांबलचक उत्तर दिलं. त्यानं पार्ले, तलाव, देवधरबाई आणि 'गोड' असं सगळं सांगितलं. लवूनं शांतपणे ऐकलं. त्याच्या धंद्यात त्यानं पाइपांतून दात, अंगठ्या आणि एकदा एक पूर्ण नारळ काढला होता. बोट ही त्याला फार लांबची पायरी वाटली नाही.

"सोपा आसा," तो म्हणाला. "खालच्या मोटरीचो पाइप तळमजल्याच्या नळाक जोडतंय आणि उलटा पाणी मारतंय. तुझी बोट धाडदिशी वर येतली. पण सगळ्यांका नळ बंद करूक सांग. एक उघडो रवलो तर घरात धबधबो."

सहदेव मजल्यामजल्यावर ओरडत गेला, "नळ बंद करा हो! मेस्त्री प्रेशर देतोय!" पण घरं रिकामी होती. साडेनऊ होत आले होते. भाऊंकडे, चौथ्या मजल्यावर, इमारतीतला सगळ्यात मोठा रंगीत टीव्ही होता, आणि आंघोळ नाही, चहा नाही, स्वयंपाक नाही म्हटल्यावर सगळी इमारत एक तास आधीच तिथं जाऊन बसली होती. सहदेवनं दारातून ओरडून विचारलं, "सगळ्यांचे नळ बंद आहेत ना?" आतून पन्नास माणसांनी "श्शू!" केलं. त्याची बायको शेवंती दाराजवळच बसली होती. तिनं नुसतं त्याच्याकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, आणि पुन्हा टीव्हीकडे वळली.

रविवारच्या त्या पौराणिक मालिकेत त्या दिवशी मोठं युद्ध होतं. भाऊंच्या आई वनमालाबाई, वय वर्षं ब्याऐंशी, सर्वांत पुढं पाटावर हात जोडून बसल्या होत्या. पडद्यावर नायकानं बाण काढला, मंत्र पुटपुटला, दोरी कानापर्यंत ओढली.

त्याच क्षणी तळमजल्यावर लवूनं मोटर सुरू केली.

गच्चीवर सहदेव झाकण उघडून आत वाकला होता. आधी पाइपातून घोड्यासारखं फुरफुरणं ऐकू आलं. मग टाकीच्या तळातून बुडबुड्यांचा एक लोंढा उठला आणि त्याच्या डोक्यावर बसून पाणबुडी बुडाकडून वर आली, आडवी झाली, आणि थेट उघड्या तोंडाखाली येऊन डोलू लागली. आता तिच्या आणि रिमोटच्या मध्ये काँक्रीट नव्हतं. नंदकिशोर दीड तास दांड्या हलवत होता आणि दीड तासानं कुठली डावी आणि कुठली उजवी हे त्याच्या बोटांनी लक्षात ठेवायचं सोडून दिलं होतं.

"हॅलो, हॅलो," तो म्हणाला आणि दोन्ही वेळा उजवी दांडी ओढली.

पहिलं अस्त्र टाकीच्या कडेला लागून आडवं झालं आणि त्याचे पंख उडाले. दुसरं सहदेवच्या कानाजवळून सूंऽऽ करत आकाशात गेलं. सहा महिन्यांच्या हिशोबापेक्षा दोन मजले जास्तच गेलं. वर जाऊन ते क्षणभर थांबलं, उन्हात चमकलं, वळलं आणि खाली येताना गच्चीवरच्या एरियलांच्या जंगलात घुसलं. भाऊंची एरियल कंबरेत वाकून नमस्कार घालावा तशी आडवी झाली. अस्त्र तिथून उसळून कठड्याबाहेर पडलं.

खाली नायकानं बाण सोडला. बाण पडद्याच्या डाव्या बाजूनं निघाला, अर्ध्यावर आला, आणि खट्ट! टीव्ही काळा झाला. पुढच्याच क्षणी बाल्कनीत ठण्ण असा आवाज आला. पन्नास माना वळल्या. तुळशीच्या कुंडीत, मंजिऱ्यांच्या मधोमध, एक वीतभर लांबीची चकचकीत वस्तू उभी रुतली होती आणि तिच्या बुडातून पाणी ठिबकत होतं.

 कुणाचे तरी हात आपोआप जोडले गेले. वनमालाबाई पाटावरून उठल्या, बाल्कनीत गेल्या, अस्त्र उपटलं, पदरानं पुसलं आणि देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं. त्यावर हळदकुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या.

सहदेव धापा टाकत दारात पोचला तेव्हा निरांजन लागलं होतं.

आता त्याची पंचाईत ही होती, की तीन अस्त्रांपैकी धड उरलेलं ते एकच होतं. गप्प राहावं तर कुणाला काही कळलं नसतं. पाणी आलं होतं, भाऊंचा एअरलॉक निघाला होता, सगळं झकास होतं. पण मग चार वाजता पार्ल्याला काय सोडणार? तो एक मिनिट उंबरठ्यावर उभा राहिला. त्याला देवधरबाईंचा आवाज ऐकू आला. मग तो म्हणाला, "काकू, ते माझं आहे."

"काय तुझं आहे?" भाऊंनी विचारलं.

"क्षेपणास्त्र."

"कसलं अस्त्र?"

"पाणबुडीतून सुटतं ते. पाणबुडी टाकीत होती. म्हणून पाणी येत नव्हतं."

पन्नास माणसांनी एकमेकांकडे पाहिलं आणि त्यांतली काही हसली. भाऊ हसले नाहीत. ते खुर्चीतून उठले आणि त्यांनी तीस वर्षांचा अधिकार आवाजात आणला. "सहदेव, मी नौदलात होतो. पाण्याखालून अस्त्र सोडायला निदान शंभर फूट खोल समुद्र लागतो. आपली टाकी किती हजार लिटरची आहे ते मला माहीत आहे. हे अशक्य आहे."

"पण भाऊ, मी सोडलं ना!"

"शक्यच नाही. विमानातून काहीतरी पडलं असणार. मी विमानतळाला पत्र लिहितो."

आयुष्यात सहदेव पहिल्यांदाच एवढ्या लोकांसमोर गुन्हा कबूल करत होता आणि त्याला कुणी गुन्हेगार मानायला तयार नव्हतं. तो तसाच वर धावला, गळणारी पाणबुडी दोन्ही हातांत बाळासारखी धरून खाली आणली आणि भाऊंच्या बैठकीत टीव्हीसमोर ठेवली. तिच्याशेजारी एक वाकडं अस्त्र ठेवलं, एक पंख उडालेलं, आणि तिच्या तिन्ही नळ्या रिकाम्या होत्या.

आता मात्र खोलीतला रंग पालटला.

"पिण्याच्या पाण्यात?"

"आम्ही दात घासले त्या पाण्यानं!"

"ते जाऊ दे, एरियल कुणी पाडली? बाण लागला की नाही?" तिसऱ्या मजल्यावरच्या धोंडिराम शेलारांचा आवाज चढला. पाण्यापेक्षा बाणाचाच राग लोकांना जास्त आला होता. एकजण म्हणाला पोलिसांत द्या, दुसरा म्हणाला सोसायटीतून काढा. पाणबुडी आजच टाकीत गेली असं सगळे धरून चालले, आणि सहदेवनं ते तसंच राहू दिलं. भाऊ पाणबुडीभोवती एक प्रदक्षिणा घालून आले. तिला हात न लावता ते म्हणाले, "ही जप्त."

"भाऊ, जरा गप बस," वनमालाबाई म्हणाल्या.

भाऊ बसले.

"काकू, टीव्हीतून बाण बाहेर आला असं तुम्हाला वाटलं असेल, पण..." सहदेवनं सुरुवात केली.

"मला वेड लागलंय काय?" वनमालाबाई कडाडल्या. "टीव्हीतून बाण बाहेर येत नाही एवढं मला कळतं. पण एवढा मुलुंड मोकळा पडलेला असताना हा नेमका माझ्या तुळशीत का आला, ते सांग."  वनमालाबाईंनी अस्त्र हातात घेतलं. "तू घडवलंस?"

"हो."

"हातानं?"

"हो."

"आणि खरंच पाण्यातून वर जातं?"

"सहा मजले गेलं आज."

वनमालाबाईंनी आयुष्यात विमान पाहिलं होतं ते मुंगीएवढं. पतंग पाहिले ते दुसऱ्यांचे. त्या म्हणाल्या, "देते. पण एका अटीवर. सोडशील तेव्हा मी तिथं पाहिजे."

"आई, पार्ल्याला? तुझे गुडघे—"

"गुडघे माझे आहेत."

चेअरमनची आई जाणार म्हटल्यावर चेअरमनला जावं लागलं. चेअरमन जाणार म्हटल्यावर कमिटी निघाली. आणि कमिटी टेम्पो करून पार्ल्याला जातेय म्हटल्यावर, एवीतेवी सकाळ फुकट गेलीच आहे, तर रविवार तरी सार्थकी लावू म्हणून सगळी इमारत निघाली. नंदकिशोर तेवढा मागं राहिला. लवूनं मोटर सुरू केली तेव्हा अख्ख्या सागरदर्शनमध्ये एकच नळ उघडा होता, आणि तो त्याच्या स्वयंपाकघरातला होता.

सहदेवनं दुपारभर बसून पाणबुडी नीट केली. पावडरचा डबा पुन्हा चिकटवला, भाऊंची एरियलही सरळ केली. साडेतीनला टेम्पो पार्ल्याच्या क्लबाशी थांबला. त्यातून पन्नास माणसं, एक खुर्ची, खुर्चीसकट वनमालाबाई, आणि सर्वांत शेवटी टॉवेलात गुंडाळलेली पाणबुडी, असं सगळं उतरलं.

पद्मजा देवधर पुढं आल्या. "अरे, घाडीगावकर! यंदा पण घरीच केलंय?"

"हो," सहदेव म्हणाला.

"घरीच केलंय!" मागून भाऊ गरजले. "आमच्या सोसायटीत!" सकाळी जप्ती आणणारे हेच भाऊ होते, पण पार्ल्याच्या लोकांनी मुलुंडच्या माणसाला तसं विचारलेलं त्यांना खपलं नाही.

स्पर्धा सुरू झाली. पहिली पाणबुडी जर्मन होती. तिच्या मालकानं जाड पुस्तक उघडून, पान लावून, बटण दाबलं. अस्त्र पाण्याच्या वर बोटभर आलं, इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा आत गेलं. दुसरी अमेरिकन. तिच्यातून नुसते बुडबुडे आले आणि ते बराच वेळ येत राहिले. तिसरी बुडाली ती वर आलीच नाही. तिचा मालक सुटाबुटात तलावाकाठी बसून राहिला आणि सहदेवला त्याच्याबद्दल मनापासून वाईट वाटलं.

मग सहदेवची पाळी आली. परीक्षक नौदलातले एक निवृत्त अधिकारी होते. त्यांनी पाणबुडी निरखली आणि अस्त्रावर बोट ठेवलं. "हा लाल रंग कसला? वॉटरप्रूफिंग?"

"कुंकू," वनमालाबाई खुर्चीतून म्हणाल्या. "आणि ते पिवळं म्हणजे हळद."

परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं.

पाणबुडी बुडाली. तलावाचं पाणी शांत झालं. पन्नास माणसांनी श्वास धरला. सहदेवनं अंगठा उजव्या दांडीवर ठेवला. त्यानं दांडी ओढली.

पाणी फुटलं. अस्त्र वर गेलं, वर गेलं, डायव्हिंगच्या फळीच्या वर, क्लबाच्या झेंड्याच्या वर, नारळाच्या शेंड्यांच्या वर, आणि त्याच्यामागून अक्षतांचे चार दाणे तलावात टपटपले. वनमालाबाईंनी डोक्यावरचा पदर घसरू दिला आणि मान मागं टाकून ते दिसेनासं होईपर्यंत पाहिलं. "गेलं गं बाई," त्या हळूच म्हणाल्या. ते पुन्हा खाली आलेलं कुणीच पाहिलं नाही.

पहिलं बक्षीस सहदेवला मिळालं. चांदीचा मुलामा दिलेला, हातभर उंचीचा कप. धोंडिराम शेलारांनी त्याला खांद्यावर घेतलं. भाऊ परीक्षकांना सांगत होते की तांत्रिक सल्ला आपला होता. पद्मजाबाईंनी माइक सहदेवच्या हातात दिला आणि त्या वेळी त्यांच्या तोंडी 'गोड' हा शब्द नव्हता.

"घाडीगावकर, इतकी अचूकता एका दिवसात येत नाही," त्या म्हणाल्या. "आमच्या सभासदांना सरावासाठी तलाव मिळत नाही ही मोठी अडचण आहे. तुम्ही सराव कुठे केलात?"

सहदेवनं आयुष्यात माइक धरला नव्हता. आपला आवाज एवढा मोठा असू शकतो हे ऐकून त्याला भरून आलं. समोर पन्नास शेजारी हसत होते. मन मोकळं झालं.

"आमच्या सोसायटीच्या टाकीत," तो म्हणाला. "गेले सहा महिने. दर रविवारी, पहाटे."

लाउडस्पीकर चांगला होता. भिंतीवर आपटून 'सहा महिने' परत आलं.

धोंडिरामांनी त्याला खांद्यावरून उतरवलं. हळू नाही उतरवलं. भाऊंचा चेहरा आधी पांढरा आणि मग हळदकुंकवाच्या मधला कुठला तरी झाला. पुरुषांपैकी दोघे तिघे पोटावर हात ठेवून बाजूला गेले. बायका मात्र एकदम कुणी पदर, कुणी पर्सचा चाप, कुणी मंगळसूत्राची वाटी, अशा गोष्टींत गुंतून गेल्या.

"ती बोट टेम्पोत चढणार नाही," भाऊंनी जाहीर केलं. टेम्पो गेला.

सहदेव आणि शेवंती बसस्टॉपवर उभे राहिले. त्याच्या काखेत पाणबुडी होती, तिच्या हातात कप. उन्हं उतरली होती. 

"आता घर सोडायला लावतील," सहदेव म्हणाला.

"कोण?"

"सगळे. सहा महिने त्यांनी ते पाणी प्यायलं, शेवंती. तू पण प्यालीस."

"मी नाही प्यायले," शेवंती म्हणाली. "मी उकळून घेते. तुमच्या तांब्यातलंही उकळलेलंच असतं."

सहदेवनं तिच्याकडे पाहिलं.

"जूनमध्ये भाताचं आधण ठेवलं तर त्याला ग्रीसचा वास. सोळा वर्षं तुमचे कारखान्याचे कपडे धुतेय मी. ग्रीस मला कळत नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला? नाही बोलले. टिपणीसवहिनींना बोलले. त्या शेलारवहिनींना बोलल्या. शेलारवहिनी बोलल्या म्हणजे मग कुणाला सांगायचं उरलंच नाही. जूनपासून सगळ्या घरांत पाणी उकळतं. वनमालाकाकू तर वर पंचाच्या चार घड्या करून गाळतात."

"म्हणजे... सगळ्या बायकांना..."

"हो."

"आणि कुणी तक्रार केली नाही?"

शेवंतीनं कप दुसऱ्या हातात घेतला. "तुम्ही बोट सोडायच्या आधी टाकी घासत होता ना? आतलं नीट दिसावं म्हणून?"

"दर शनिवारी. तळ दिसला नाही तर बोट कशी दिसणार?"

"भाऊ सात वर्षं चेअरमन आहेत. सात वर्षांत टाकी एकदा धुतली. आम्ही बायकांनी अर्ज केले, सह्या केल्या. दर वेळी म्हणायचे, पुढच्या सभेत घेऊ." तिनं रस्त्याकडे पाहिलं. लांबून बस येत होती. "मग ठरवलं, बोट तर बोट. टाकी तरी धुतली जातेय."

बस थांबली. सहदेव पाणबुडी सांभाळत चढला, तिच्यासाठी खिडकीची जागा पकडली. कंडक्टरनं पाणबुडीकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं, आणि दोनच तिकिटं फाडली.

"आणि हो," शेवंती बसता बसता म्हणाली, "परतीच्या टेम्पोत चढताना सगळ्या जणींनी मला सांगून ठेवलंय, तुम्हाला सांगायला."

"काय?"

"पुढच्या खेपेला ग्रीस जरा बेतानं लावा."